माहेरच्या नावांची वही

प्रिय सिस्टरबाई,

जयभीम. तुम्ही होता तोवर मी तुम्हाला एकही पत्र लिहिलं नाही. गरजच कधी पडली? आठवड्यातून दोनदा तुमची काळी छत्री आमच्या वाडीच्या पायवाटेवर दिसायचीच. आता पत्र लिहितेय, तर आमचे हे विचारतात, "टाकणार कुठल्या पत्त्यावर?" मी म्हटलं, टाकायचं नाहीच, लिहायचं तेवढं आहे.

गेल्या रविवारी तुमच्या पुण्यानुमोदनाला मी आले होते. तुमच्या लेकीनं, प्रज्ञानं, मला दोन शब्द बोलायला लावलं. माझ्या आधी डॉक्टरसाहेब बोलले, सरपंच बोलले. लसी, बाळंतपणं, ऊनपावसात केलेली पायपीट, सगळं झालं. मग मी उभी राहिले, "सिस्टरबाई आमच्या घरच्याच होत्या," एवढं म्हटलं आणि बसले! प्रज्ञाला वाटलं मला रडू आलं. रडू आलं होतंच, पण खरं कारण वेगळं होतं. तुमच्याबद्दल सांगावं असं जे जे होतं, ते सगळं कुणाच्या ना कुणाच्या घरातलं होतं. तुम्ही सोळा वर्षं जे कुणाला बोलला नाहीत, ते मी माईकवरून कसं सांगायचं?

नंतर जेवणाच्या पंगतीत माझ्या शेजारी एक बाई बसली. ती जे बोलली त्यानं मला चार दिवस झोप नाही. म्हणून हे पत्र. पण आधी पहिल्यापासून सांगू द्या. तुम्हाला ठाऊक असलेलंच आहे, पण माझ्या बाजूनं तुम्ही ते कधी ऐकलं नाही.

बहात्तरचा दुष्काळ. सगळी वाडी खडीच्या कामावर. आई खडी फोडत होती, मी अकरा वर्षांची, आणि माझा सहा वर्षांचा भाऊ दत्ता तिच्यामागं सावलीला बसलेला. एक कपची उडाली ती त्याच्या ओठाला लागली. एवढीशी जखम, पण रक्त दोन दिवस थांबेना. हळद झाली, चुना झाला, अंगारा झाला. तुम्ही आलात, ओठ दाबून धरलात आणि आईला भलतंच विचारलंत, "बाई, तुमच्या भावाला असं कधी झालं होतं का?"

आईचा चेहरा पांढराफटक पडला. मामा नऊ वर्षांचा असताना दाढ पडल्याचं निमित्त होऊन गेला होता. चार दिवस तोंडातून रक्त येत होतं. माकणीत, आईच्या माहेरी, सगळे म्हणाले, बाहेरचं काहीतरी लागलं. आईनं सासरी हे कुणाला सांगितलंच नव्हतं. तुम्ही तिच्या कानाशी लागून म्हणालात, "नाक मामावर गेलंय म्हणतो ना आपन? तसं ह्याचं रगात मामावर गेलंय. तुमचा काय गुन्हा न्हाय ह्यात." मी तिथंच होते. मला तेव्हा गंमत वाटली, रक्तसुद्धा कुणावर जातं होय!

तुमची चिठ्ठी घेऊन माझ्या वडलांनी, आबांनी, आणि आजीनं दत्ताला शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं. आई आणि मीही सोबत होतो. तिथल्या डॉक्टरांनी त्याला वाचवलं, हे मी कधी विसरणार नाही. मोठा जाणता माणूस होता तो. पण त्यांनी विचारलं कुणाला? आबांना! "घरात आणखी कुणाला असं आहे?" आबा म्हणाले, "न्हाय साहेब." बायकोच्या माहेरचं आबांना काय ठाऊक? तसंच कागदावर चढलं. मग खाटेभोवती दहा माणसं उभी असताना डॉक्टर मोठ्यानं म्हणाले, "हा आजार आईकडून येतो." खोटं काहीच नव्हतं त्यात. तरी ते वाक्य आमच्या आजीसमोर, तसं उघड्यावर, टाकायला नको होतं. आजीनं त्यातले दोनच शब्द घरी आणले: आईकडून, आणि आजार.

आठ दिवसांत आई माकणीला. आम्हा दोघांना आजीनं ठेवून घेतलं. "खोटं रगात हाय हिच्या माहेराचं. आनखी नातवंडं आसली नगंत मला," असं ती दारोदार सांगत सुटली, आणि आबांसाठी दुसरी बायको शोधायला लागली. कायद्यानं मनाई होती म्हणे. कायदा आमच्या वाडीपर्यंत आला नव्हता. आबा तसे भले माणूस, पण आजीपुढं त्यांची मान कधी वर झाली नाही. मी रोज संध्याकाळी पायवाटेकडं बघत बसायची, आई येते का म्हणून. दत्ताच्या लक्षात येऊ नये म्हणून सरपण वेचायला आलेय असं दाखवायची.

तुम्ही रजा टाकून एस.टी.नं माकणीला गेलात, हे मला पुष्कळ नंतर आईनं सांगितलं. आणि तिथं तुमची ती वही निघाली.

ती वही तुमच्या पिशवीत औषधांच्या तळाशी असायची. सरकारी रजिस्टर वेगळं, ही वेगळी. आमच्याकडं लग्नात ताटातल्या तांदळांवर बोटानं नवरीचं नवं नाव लिहितात, सगळे टाळ्या वाजवतात आणि जुनं नाव तिथंच संपतं. सख्ख्या दोन बहिणी दोन गावांत गेल्या की एकीची होते लक्ष्मी, दुसरीची रुक्मिणी, आडनावंही वेगळी. दोघींची पोरं एकाच आजारानं एकाच इस्पितळात आली तरी कागद एकमेकांना ओळखणार कसे? शिकलेल्या डॉक्टरांच्या हे ध्यानात आलं नव्हतं. तुमच्या आलं, कारण प्रत्येक बाईला तुम्ही आधी तेच विचारायचात, "माहेरचं नाव काय तुमचं?" आणि दोन्ही नावं शेजारी शेजारी लिहायचात.

आईला विचारलंत तेव्हा ती रडता रडता हसली म्हणे. "ठमा. सासरची पार्वती, पर मी ठमा!" मग बोलत सुटली. तिची आजी, मावशी, कुणाचं कोण लेकरू कसं गेलं. आणि चंपा. आईच्या मावशीची मुलगी, आईची जीव की प्राण. मावशी लवकर गेली, चंपाला तिच्या चुलत्यांनी नेलं आणि परस्पर कुठंतरी लग्न लावून दिलं. अणदूरकडं कुठंतरी, एवढंच ऐकून होती आई. नवं नाव कुणालाच माहीत नाही. "कुठं आसंल हो माजी चंपी? तिच्याबी लेकरांना हे आसंल का?"

तुमची पहिली नेमणूक अणदूरची. आई सांगते, तुम्ही वहीची जुनी पानं मागं चाळलीत, एका पानावर थांबलात आणि वही मिटलीत. आईनं विचारलं, "घावली का?" तुम्ही म्हणालात, "मी बघते." एवढंच! मग महिने गेले, वर्षं गेली, आई विचारायची थांबली.

आता आमच्या ओसरीवरचा तो दिवस. आठवतो ना? मी तुम्हाला चहा आणला होता, त्या दांडी तुटलेल्या कपात. तो कप आजीनं ओसरीच्या कोनाड्यात फक्त तुमच्यासाठी ठेवला होता. का, ते तुम्हालाही माहीत होतं आणि अकराव्या वर्षी मलाही. तुम्ही घोट घेतला आणि आजी तोऱ्यात म्हणाली, "बाई, अनदूरचं स्थळ घावलं बगा. रुक्मिनबाईची सुलोचना. चांगलं स्वच्छ रगात हाय त्येंचं!"

तुम्ही कप खाली ठेवलात. मी मनात म्हणत होते, भांडा! आता तरी भांडा हिच्याशी! आणि तुम्ही काय विचारावं?

"आजी, तुमचं माहेरचं नाव काय वं?"

"आता कशापायी ते? पन्नास वर्सं झाली."

"सांगा की."

आजी जरा लाजली, खरंच लाजली. पदर तोंडाला लावून म्हणाली, "गोदी. गोदी म्हनायचे मला."

"गोदाआजी, लेकरं किती झाली तुम्हाला?"

"नऊ."

"आन् राहिली?"

"तीन."

"सासूबाई काय म्हनायच्या?"

आजीचा आवाज आला तो तिचा वाटेचना. "म्हनायची, हिची कूसच खोटी. दोनदा माहेरी धाडलं मला. एकदा तर बाळंतीन होते, वली बाळंतीन. लेकरू गेल्याला सहा दिस झालते."

"आन् गोदीनं काय केलं व्हतं?"

"म्या काय केलं आसंल, बाई? म्या काय मुद्दाम..."

तुम्ही आवाज अजिबात चढवला नाहीत. म्हणालात, "ठमानंबी आनलं न्हाय, आजी. आलंय ते. आनणं येगळं, येणं येगळं. दत्ताला त्याच्या आईकडनं आलं, तिला तिच्या आईकडनं, तिलाबी कुनाकडनं तरी. आता कुठवर एकेकीला माहेरी धाडत बसायचं?"

आबा दारात उभे होते, कधीपासून कोण जाणे. तिसऱ्या दिवशी आजीनंच त्यांना माकणीला पिटाळलं. आई परत आली तेव्हा तिला घरातून जाऊन चार महिने झाले होते. दत्तानं तिला ओळखलं, पण जवळ जायला अर्धा दिवस घेतला.

कप मात्र आजीनं बदलला नाही, सिस्टरबाई. मरेपर्यंत नाही. तुम्हीही त्यावर कधी बोलला नाहीत. याची लाज मला आजही वाटते, आणि ती तुमच्याजवळ कबूल न करताच तुम्हाला जाऊ दिलं, याची जास्त. त्या दिवशी मी तुम्हाला ओढ्यापर्यंत सोडायला आले होते. "भांडला का न्हाई?" असं फणकाऱ्यानं विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "जन्मावरनं मानसाला खोट लावली की कसं लागतं, ते मला पुस्तकात वाचावं लागलं न्हाय, पोरी. ते भांडून जात न्हाय." मला कळलं नाही. मला वाटलं, घाबरली बाई.

पुढं दत्ताचा गुडघा सारखा सुजायला लागला. आत रक्त साचतं, वर बर्फ लावा, म्हणालात. आमच्या वाडीला बर्फ? पण तेव्हा नुकतीच दूध सोसायटी झाली होती आणि शीतकरण केंद्राचा टेम्पो दूध न्यायला यायचा. तुम्ही चेअरमनना गाठलंत. "एका पेशंटला बर्फ लागतो." "कुनाला?" "पेशंटला." चेअरमन वर्षभर अंदाज बांधत होते, पण टेम्पोतून बर्फ येत राहिला. आज दत्ता त्याच सोसायटीत दुधाचं फॅट तपासतो. लंगडतो, गावभर टिंगल करतो, लई आगाऊ झालाय. तुमच्या पुण्यानुमोदनाला येता आलं नाही म्हणून दिवसभर माझ्यावरच चिडला होता. गुडघा सुजला होता ना.

आणि माझं लग्न ठरायच्या आधी तुम्ही मला एकटीला बसवलंत. माझ्यातही ते असेल किंवा नसेल, छापा की काटा तसं, आणि आपल्याकडं ते तपासून कळायची सोय नाही, हे सरळ सांगितलंत. मी विचारलं, "त्यांच्या घरी सांगू?" तुम्ही म्हणालात, "सांगावं असं मला वाटतं. पर तोंड तुझं हाय. माझ्या तोंडून ते जायचं न्हाय." मी सांगितलं. पहिलं स्थळ मोडलं. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा ह्यांनी पाणी प्यायला मागितलं आणि म्हणाले, "बरं, पुढं?" त्यांच्याशीच केलं मी.

हं, तर पंगतीतली बाई.

पन्नाशीची, पहिल्या गाडीनं आलेली. तिला घास गिळवत नव्हता. मी आपली समजूत घालायला लागले, तर ती हळूहळू बोलायला लागली. "माज्या पोराचं रगात थांबत न्हाय. बाईंनीच संबाळलं त्येला. कुनाला कळू दिलं न्हाय." मी मनात म्हटलं, असेल; असे आणखीही असतील. मग ती म्हणाली, "दुस्काळात माज्या सुलीला एक स्थळ आलतं. बेंबळीकडच्या वाडीवरलं, बायकू माहेरी धाडलेली. म्या व्हय म्हनत व्हते. पोराचं कळल्यावर सुलीला कोन करनार? बाईंना सांगितलं. त्या म्हनल्या, आदी लेकीला सगळं खरं सांगा, मग तिला इचारून ठरवा. पर तेवढ्यात त्येंचाच निरोप आला, लगीन न्हाय करायचं."

मी विचारलं, तुम्ही अणदूरच्या रुक्मिणबाई का?

"सासरची रुक्मिन. बाई मला चंपाच म्हनायच्या."

सिस्टरबाई, माझ्या हातातला भाकरीचा तुकडा तसाच राहिला. आणि ती बोलतच होती. "त्याच टायमाला बाई आनखी एकदा आलत्या. म्हनल्या, माहेरची एक बहीन तुमची लई याद काढती, तुमचा पत्ता देऊ का? म्या न्हाय म्हनले. सुली उजवायची व्हती ना, भ्या वाटलं. पुन्हा त्येंनी कदी इचारलं न्हाय, आन् म्या कदी त्येंना 'द्या' म्हनले न्हाय. आता कुनाला सांगू, सांगा."

म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं! आजी ज्या घराच्या स्वच्छ रक्ताचा तोरा मिरवत होती, ते घर माझ्या आईच्याच चंपाचं. "आजी, त्या घरातबी हेच हाय," एवढं एक वाक्य तुम्ही ओसरीवर टाकलं असतं तर आजीनं त्याच घटकेला स्थळ मोडलं असतं आणि आई परत आली असती. कपात चहा निवत होता आणि वाक्य तुमच्या जिभेवर होतं. नाही बोललात. आणि "मी बघते" म्हणून गप्प झालात ते आईला विसरलात म्हणून नव्हे. तुम्ही विचारलं होतं, आणि चंपामावशी नाही म्हणाली होती.

घरी येताना गाडीत मला तुमचा राग आला, खरं सांगते. ती तुमच्या कोण लागत होती? माझी आई तिकडं झुरत होती, मी सरपणाच्या निमित्तानं वाटेकडं बघत होते, आणि तुम्ही एका परक्या पोरीची बाजू सांभाळत होता! मग सुलोचनाचा विचार आला. ते वाक्य आजीच्या तोंडी पडलं असतं तर आठवड्यात तालुकाभर झालं असतं. ती पोर जन्मभर घरात बसली असती. आणि आजीला तर अक्कल आलीच नसती, तिनं फक्त तिसरं घर धुंडाळलं असतं. तुम्ही माझ्या आईला सोडवलंत ते आजीचंच दुःख तिच्यापुढं ठेवून. दुसऱ्या कुणाचं काही खर्ची घातलं नाहीत. चार दिवस मी हेच घोळवतेय आणि दर वेळी मला तुम्ही आधीपेक्षा मोठ्या वाटता. इतकं कुणाला जमतं हो?

चंपामावशीला मी कोण हे सांगितलं नाही. तोंडावर आलं होतं! पण सांगितलं असतं तर आईला टाकलं होतं ती गोष्ट उघडी झाली असती, आणि ती आईची आहे. आईला सांगावं, "चंपा सापडली," तर चंपामावशीच्या पोराचं उघडं होतं, आणि तिनं नाही म्हटलेलं आहे. दोघींची नावं माझ्या पदरात, आणि गाठ सोडायची कुठून तेच कळेना. तुम्ही असता तर धावत आले असते विचारायला. कुणाकडं जाऊ आता?

शेवटी काल मी आईजवळ बसले. ती चुलीपुढं होती. म्हटलं, "आई, तुला माकणीला धाडलं होतं ती गोष्ट मी एका बाईला सांगू का? फक्त तुझी. ती कोण, ते मात्र आज सांगता येणार नाही."

आईनं भाकरी उलटली. माझ्याकडं नीट बघितलं. तिचा हात तिथंच थांबला आणि मला वाटलं, हिला कळलं. ओठ हलले, एक नाव तिथवर आलं आणि तिनं ते गिळलं. मग म्हणाली, "सांग की. समदं सांग. पर ती कोन, ते तिनं 'सांग' म्हनल्याबिगर मला सांगू नगंस. मी इचारलं, पाया पडले, तरीबी सांगू नगंस."

आणि भाकरी करपली.

उद्या पहिल्या गाडीनं मी अणदूरला जातेय, सिस्टरबाई. आईची गोष्ट चंपामावशीपुढं ठेवेन आणि थांबेन. ती हो म्हणाली तर त्याच दिवशी तिला घेऊन येईन. नाही म्हणाली तर एकटी परत येईन, आईशेजारी बसून जेवेन, आणि तिनं कितीही विचारलं तरी तोंड उघडणार नाही. हा शब्द तुम्हाला देते.

तुमची,
ठमाची कमल